चौथं माकड

ओतारु, ३ ऑक्टोबर १९९३

प्रिय मिसाओताई,

इकडे उत्तरेला पहाटेचं दव गोठायला लागलंय. मासळी वाळवायच्या कारखान्यात आम्हा बायकांच्या बोटांना आत्तापासूनच भेगा पडल्यात. तू म्हणशील, मूळ मुद्दा सांगायला जीभ रेटत नाही, की ही बया हवापाण्याच्या गप्पा मारते. खरंय तुझं.

शेजारसमितीनं तुझ्या हातात पिवळा झेंडा दिला आणि दर रविवारी तू पाहुण्यांचा घोळका घेऊन नाराच्या आपल्या जुन्या गल्ल्या दाखवत फिरतेस, हे वाचून खूप हसले. शाळेतही तूच रांगेच्या पुढे असायचीस, ओरडायला. मग हसता हसता एकदम सुचलं, की म्हणजे मिसाओताई दर रविवारी आमच्या लोणच्याच्या दुकानावरून जात असणार. आमच्या नाही, त्यांच्या. आठ वर्षं झाली तरी लिहिताना चुकतेच.

येत्या वसंतात सायोला जुन्या मोजणीनं तेरावं लागेल, देवळात बुद्धी मागायला नेतील तिला. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती चार वर्षांची होती. अंगात ताप होता म्हणून मी तिला गाडीत घातलं नाही. सासूबाईंशी भांडून निघाले होते, वाटलं होतं आठवड्याभरात शुंजी न्यायला येईल. तो आला नाही, पोस्टानं घटस्फोटाचा कागद आला, आणि मी रागाच्या भरात त्यावर माझा सहीचा शिक्का मारून टाकला. मूल कागद सांगेल त्या घराचं झालं. ‘तिच्या मनात गोंधळ नको, येऊ नकोस, पत्रंही पाठवू नकोस,’ एवढा एक निरोप आला, तोही तुझ्यामार्फत. हे सगळं तुला शंभरदा सांगून झालंय. तुझे कान किटले असतील.

एकच काम कर. त्यांच्या छपराखाली टांगलेली माकडं मोज. घरात जितकी माणसं तितकी लाल कापडाची माकडं, ज्याची त्याची इडापिडा आपल्या अंगावर घेणारी. सासूबाई, शुंजी, सायो. तीन असायला हवीत. तीन आहेत एवढं कळव, म्हणजे माझी पोर जागेवर आहे, बरी आहे, असं समजून मी हिवाळा काढीन.

तुझी,
चिझुरु


नारा, १७ ऑक्टोबर १९९३

प्रिय चिझु,

झेंड्याची थट्टा करू नकोस. आमचे हे रोज करतात तेवढी पुरे. परवा म्हणाले, “घरात नवऱ्याला हाकतेसच, आता गावाला हाक.” पण मला मजा येते. लोक लांबून येतात, जाळीच्या दारांपुढे उभे राहून म्हणतात, “वा, काय जपून ठेवलंय!” मी मान डोलावते. आत राहणाऱ्याला खिळा ठोकायचा तरी अर्ज करावा लागतो, हे काही त्यांना सांगत नाही.

तुझं काम केलं. आजच्या घोळक्यात चौदा जण होते. दुकानासमोर त्यांना थांबवलं, छपराकडे झेंडा केला आणि माकडांची सगळी कथा सांगितली, नेहमीपेक्षा जरा लांबवूनच. चार आहेत.

सायोही दिसली. दुकानाच्या पायरीशी सायकल पुसत होती. उंच झालीये गं, आणि काटकुळी. उभी राहते तेव्हा एक पाऊल दुसऱ्या पावलावर टेकवते, तुझ्यासारखी. मला बघून वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “काकू, आज तुमची मेंढरं जास्त आहेत.” जीभ कुणाची आहे ते सांगायला नको!

ती बरी आहे. हिवाळा काढ. भेगांना तेल लाव.

मिसाओ


ओतारु, ३० ऑक्टोबर १९९३

मिसाओताई,

चार?

तुझं पत्र कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत उघडलं. शेजारची बाई विचारत राहिली, “काय गं, लॉटरी लागली का?” आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी गत झाली माझी.

ताई, लग्न होऊन त्या घरात गेले त्याच दिवशी सासूबाईंनी माझं माकड शिवलं होतं. शिवताना म्हणाल्या होत्या, “तू आडदांड आहेस, तुला जरा मोठंच शिवते.” ते अजून टांगलेलं आहे! आठ वर्षांत एकदाही त्यांनी माझं नाव काढलं नसेल, पण माकड उतरवलं नाही. तू त्यांना ओळखतेस. तोंडानं ‘ये’ म्हणायची नाही ती बाई, जीव गेला तरी. पण छपराखाली माझी जागा ठेवली आहे. ही त्यांचीच तऱ्हा आहे बोलण्याची.

आता मी इथे रोज काय करते सांगू? मासे टांगताना मनानं आपल्या गल्लीतून चालते. तळ्यापासून निघते, कासवं बघते, शाईवाल्याच्या कोपऱ्यावर वळते, मग ती सुकलेली विहीर, मग लोणच्याचा वास. पूर्वी त्या वासाशी पोचले की परत फिरायची. आता दारापर्यंत जाते.

एकच सांग, म्हणजे माझी खात्री पटेल. चौथ्याचा रंग उडालाय का? माझं असेल तर उन्हानं अगदी फिकट झालेलं असेल.

चिझुरु


नारा, १४ नोव्हेंबर १९९३

चिझु,

हो. रंग उडालाय.

सध्या फार धावपळ आहे. पानगळीचे दिवस, पाहुण्यांची झुंबड. यांचं गुडघेदुखीचं नेहमीचं चाललंय. सविस्तर नंतर लिहीन. तू मात्र उगाच मनोरे बांधू नकोस.

मिसाओ


ओतारु, २० जानेवारी १९९४

प्रिय मिसाओताई,

नव्या वर्षाचं तुझं कार्ड मिळालं. त्यावर दोनच ओळी होत्या, पण तुझ्या मागे कामं किती ते मला माहीत आहे.

सोबत एक गठ्ठा पाठवतेय. आत किमोनो आहे, माझ्या आईचा, फिकट निळा, खालच्या काठाकडे लाटांवरचे पक्षी असलेला. माझ्या तेराव्या वर्षी देवळात जाताना मी हाच नेसले होते. मोठ्या बाईच्या मापाचा आयुष्यातला पहिला किमोनो! आईनं खांद्याला दुमड घालून टाके घातले होते आणि म्हणाली होती, “वाढशील तसे उसवत जाऊ.” एप्रिलात सायोनं तो नेसावा. टाके मी मुद्दामच घातले नाहीत. तिच्या खांद्याचं माप मला कुठे माहीत?

गठ्ठ्यात सासूबाईंसाठी पत्र आहे. तू स्वतः नेऊन दे. त्यात लिहिलंय, की माझं माकड तुम्ही ठेवलंत हे मला कळलं, मी आयुष्यभर तुमच्या पाया पडेन. भांडणात चूक माझी होती. तुम्ही म्हणाल तर लोणच्याच्या पिंपांमागच्या खोलीत राहीन, दुकान झाडीन, सायोला आई आहे एवढं तिला कळू दे, बाकी काही नको.

शुंजीबद्दल काही लिहिलं नाही. तो मला परत बायको म्हणेल अशी आशा नाही. पण मिसाओताई, खरं सांगू, थोडी आहे.

कारखान्यात मार्चअखेर काम सोडते म्हणून सांगून टाकलंय.

चिझुरु


नारा, ९ फेब्रुवारी १९९४

चिझु,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

चौथं माकड तुझं नाही. ते योशिनोचं आहे. गेल्या वर्षीच्या वसंतात शुंजीनं दुसरं लग्न केलं. गल्लीत सगळ्यांना लाल भात वाटला, आमच्याकडेही आला होता, आणि मी तो खाल्ला. माकड नवं कोरं आहे, लालभडक. तू रंग उडालाय का विचारलंस आणि मी ‘हो’ लिहिलं. चार लिहिलं ते खरं मोजून. पण कुणाचं ते लिहायला हात उचलेना, आणि मग तुझं ते पत्र आलं, मासे टांगताना गल्लीतून चालतेस ते. त्यानंतर खरं सांगायचं धाडस माझ्यात उरलं नाही. वाटलं, वसंतापर्यंत बाईला एवढंतरी असू दे. तू नोकरीच सोडशील हे डोक्यातही आलं नाही. शिव्या घाल. वाटेल तेवढ्या घाल.

गठ्ठा घेऊन मी गेले. तोमेकाकू, तुझ्या सासूबाई, दुकानात पिंपावर झाकण ठेवत होत्या. आत बसवलं, चहा दिला. योशिनो आतून नमस्काराला आली. तिला नववा महिना आहे, चिझु. चांगली मुलगी आहे. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

काकूंनी चष्मा लावून तुझं पत्र वाचलं. मग मला विचारलं, “कुठलं माकड?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खाली बघून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पत्राची घडी घातली. मग म्हणाल्या, “तिचं माकड मी ती गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात उतरवलं. कागदावर शिक्का होऊन आला, त्या दिवशी. माणूस घरात नाही आणि त्याचं माकड टांगलेलं, असं करू नये. त्याची पीडा चुकलेल्या दारी येते.” आणि थोड्या वेळानं, “तोवर उतरवलं नव्हतं मी. पंधरा दिवस वाट बघितली. तीही हट्टी, मीही हट्टी.”

मी म्हटलं, “काकू, पोरीला एकदा भेटू द्या.”

“काय म्हणून भेटू देऊ? पोर रात्र रात्र रडायची, मिसाओ, तू नव्हतीस इथे उशाशी. दोन वर्षं रडली. आता योशिनोला आई म्हणते, मनापासून म्हणते. येणारं मूल तिचं भावंड आहे. आता पुन्हा सगळं उसवू?”

याचं उत्तर तुला सुचतंय का?

पण किमोनो त्यांनी उलगडला. पक्ष्यांवरून हात फिरवला. म्हणाल्या, “हा नेसेल ती. कुठून आला ते सांगणार नाही, घरातल्या पेटीतला म्हणून सांगीन.” आणि मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून म्हणाल्या, “सतरा एप्रिलला, रविवारी आम्ही टेकडीखालच्या देवळात जाऊ. रस्ता काही माझ्या बापाचा नाही. तिथून कोण जातं ते मी बघत नाही. पण तिनं पोरीला तोंड दाखवायचं नाही, हाक मारायची नाही. शब्द दे.” मी तुझ्या वतीनं शब्द देऊन आले.

रविवार माझ्या फेरीचाच असतो. बारा पाहुण्यांत एक तू. टोपी घाल, हातात नकाशा धर. आपल्याच गल्लीत पाहुणी होऊन फिरायला तुला सांगतेय, याहून वाईट काम मी आयुष्यात केलेलं नाही. नको वाटलं तर येऊ नकोस.

मिसाओ


ओतारु, ५ मार्च १९९४ (पोस्टकार्ड)

शब्द पाळीन. सतराला येते. तळ्याजवळ नऊ वाजता.

तुझ्या पत्रावर काय वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. कारखान्याच्या मालकीणबाईंनी काम परत दिलं, एवढंच बरं झालं.

चिझुरु


नारा, १८ एप्रिल १९९४

चिझु,

कुठे गेलीस तू? फेरी संपल्यावर मी माणसं मोजली, अकरा भरली. देवळाच्या विहिरीपाशी शोधलं, चहाच्या दुकानात शोधलं, बायकांच्या संडासात हाकासुद्धा मारून आले. ओसाकाचे ते जाडे गृहस्थ म्हणाले, “त्या पिवळ्या टोपीवाल्या बाई? त्या पुलाकडे गेल्या.” पुलावर कुणीच नव्हतं. आमच्याकडे तुझ्यासाठी पर्सिमनच्या पानातली सुशी करून ठेवली होती, यांनी सकाळी उठून मासे आणले होते. ती तशीच राहिली.

मी पुढे होते, झेंडा घेऊन बडबडत होते, मागे काय झालं ते मला दिसलं नाही. लोणच्याच्या दुकानात आज काही गडबड दिसली नाही, म्हणजे तू बोलली नाहीस. पण तुला काय झालं? सायो दिसली का तुला? एवढं तरी लिही. मला झोप लागत नाही.

मिसाओ


ओतारु, २४ एप्रिल १९९४

प्रिय मिसाओताई,

तुझ्या घरी न येता पळाले, माफ कर. तुझ्या यांनाही सांग. पहाटे उठून आणलेले मासे वाया घालवले म्हणून मला लाज वाटतेय. त्या वेळी मला कुणी ‘चिझु, बस’ म्हटलं असतं तर मी मोडून पडले असते, म्हणून थेट स्टेशन गाठलं.

सगळं लिहिते. तुला ते माझ्याकडून मिळायलाच हवं.

दुकानापुढे तू झेंडा वर केलास आणि माकडांची कथा सांगू लागलीस. तुझा आवाज चिरकत होता, ते पाहुण्यांना कळलं नाही. ओसाकाचे गृहस्थ मोठ्यानं मोजायला लागले. “एक, दोन, तीन, चार, आणि हे बघा, इवलंसं पाचवं! या घरात पाच माणसं राहतात का हो?” तू म्हणालीस, “हो, पाच.” मीही मनात मोजलं. सासूबाई, शुंजी, योशिनो, सायो, बाळ. बरोबर पाच होतात. मला वाटलं होतं तिथे माझा बांध फुटेल. पण मी नुसती बघत राहिले, की दाराच्या जाळीची डावीकडून तिसरी पट्टी अजून सैलच आहे. शुंजी आठ वर्षांपूर्वी म्हणाला होता, उद्या ठोकतो.

मग देवळात पोचल्यावर तू सगळ्यांना घेऊन तिथल्या विहिरीकडे गेलीस आणि मी देवळाच्या दाराशी भिंतीला टेकून नकाशा वाचत उभी राहिले. उलटा धरला होता ते नंतर लक्षात आलं.

ती बाहेर आली, ताई. किमोनो तिला आला. इतका छान आला! फिकट निळा रंग मला कधी असा शोभला नव्हता. खांद्याची दुमड अगदी माझ्या जवळून गेली. टाके बारीक, सरळ, एकसारखे. योशिनोनंच घातले असणार, बाळंतपण जवळ आलं असताना किंवा नुकतं झालेलं असताना, रात्री जागून. माझ्या हातून इतके सुबक पडले नसते. हे मी कडवटपणे लिहीत नाही. तिला कधी सांगता आलं तर सांग.

नियम तुला माहीत आहे. देवानं दिलेली बुद्धी घेऊन पायऱ्या उतरायच्या आणि पूल ओलांडेपर्यंत मागे वळून बघायचं नाही, नाहीतर मिळालेलं सगळं परत जातं. माझ्या वेळी दादानं मुद्दाम मागून हाक मारली होती आणि मी वळले होते. आई सांगायची, म्हणून ही अशी राहिली. त्या कागदावर शिक्का मारला त्या दिवशी मला तेच आठवलं होतं.

सगळ्यात पुढे सायो, शेजारी योशिनो, छातीशी बाळ बांधलेलं. मग शुंजी. केस पिकलेत त्याचे. सगळ्यांत मागे सासूबाई काठी टेकत. त्यांनी मला एका नजरेत ओळखलं. मग पुलापर्यंत त्या फार हळू चालल्या, आणि त्यांच्यासाठी सगळेच हळू चालले. तुला ठाऊक आहे, त्या बाईची चाल कशी आहे ती. इतकं हळू चालायची त्यांना मुळीच गरज नव्हती. तेवढा रस्ता त्यांनी मला दिला. आठ वर्षांत त्यांनी मला दिलेलं ते एवढंच, आणि मी ते सगळं घेतलं.

मी दहा पावलं मागे होते. समोर तिची मान, वर बांधलेले केस, कानामागचा तो तीळ. एक हाक मारली असती तर ती वळली असती. मुलं वळतातच. मला तिचा चेहरा समोरून दिसला असता, आणि तिनं मला बघितलं असतं. घशापर्यंत नाव आलं होतं. सासूबाईंना दिलेला शब्द त्या क्षणी मला आठवलासुद्धा नाही, खोटं कशाला सांगू? पण ती वळली असती तर तिचं मिळालेलं सगळं गेलं असतं. आता माझ्यामुळे तिचं आणखी काही जायला नको होतं. म्हणून नाव गिळलं.

पुलाच्या मध्यावर सायो थांबली आणि मान ताठ पुढे ठेवूनच मोठ्यानं म्हणाली, “आई, आता वळून बघू?”

“थांब,” मी म्हणाले. ताई, ते आपोआप निघालं तोंडातून. अगदी हळू, कुणाला ऐकू जाणार नाही इतकं. “अजून थोडं.”

योशिनो हसून म्हणाली, “आधी पूल ओलांड, वेडे. चार पावलं राहिलीत.”

मी तिच्याबरोबर ती चार पावलं मोजली. मग योशिनो म्हणाली, “हं, बघ आता.” आणि सायो वळायच्या आत मी पाठ फिरवली. तिनं बघितलं असेल तर पिवळ्या टोपीतली एक पाहुणी बाई देवळाकडे परत जाताना बघितली असेल. ती काहीतरी बोलून हसली. माझ्यावरच हसली असेल कदाचित, टोपी फार वाईट होती.

तुझ्यावरचा राग गेलाय. तू खरं लिहिलं असतंस तर मी किमोनो पाठवला नसता, आणि ती त्या दिवशी दुसरंच काहीतरी नेसून गेली असती. तरी पुन्हा माझ्यासाठी माकडं मोजू नकोस. त्या घरावरून जाताना झेंडा जरा खाली घे आणि पुढे चल.

मागे वळायचं नाही हा नियम तेरा वर्षांच्या मुलांसाठी आहे, पूल ओलांडेपर्यंत. मी तो स्टेशनपर्यंत पाळला.

तुझी,
चिझुरु